जर-तरचे रंग : काल्पनिक छद्मरंगातील जेट विमाने आणि इतिहासाची शिस्त

१/
इतिहासात जर-तरला स्थान नसते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तरीही पानिपतावर विश्वासराव पडले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या विचारत आला आहे. प्रश्न निषिद्ध ठरवल्याने तो थांबत नाही. फार तर बेशिस्त होतो. हा धागा त्याच प्रश्नाच्या एका लहानशा, प्लास्टिकच्या रूपाविषयी आहे. लढाऊ जेट विमानांच्या प्रतिकृती जोडणाऱ्या छांदिष्टांमध्ये एक पंथ असा आहे, की जो विमानाला प्रत्यक्षात कधीच न लाभलेले रंग देतो. त्या पंथाला जगभर ‘व्हॉट-इफ’ म्हणतात. मराठीत त्याला जर-तरचा पंथ म्हणण्यास हरकत नाही.

२/
या छंदाचे परिमाण प्रथम लक्षात घ्यावे. १:७२ या प्रमाणात एक मीटर म्हणजे साधारण १४ मिलिमीटर. जवळपास १६ मीटर लांबीचे एचएफ-२४ मरुत हे विमान या प्रमाणात जेमतेम २२ सेंटिमीटरचे होते, म्हणजे शाळकरी मुलाच्या पट्टीपेक्षाही लहान. खोक्यातून सांगाड्याला चिकटलेले भाग निघतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, फटी पुटीने बुजवायच्या, प्रायमर द्यायचा, मास्किंग टेप लावून एअरब्रशने रंगांचे थर चढवायचे आणि शेवटी डेकल म्हणजे पातळ चित्रपट्ट्या बसवायच्या. इथवर दोन्ही पंथांचे काम सारखेच असते. मतभेद सुरू होतो तो रंग निवडताना.

३/
कर्मठ पंथाचे म्हणणे असे, की छायाचित्रात जे दिसते, दस्तऐवजात जे लिहिले आहे, तेवढेच प्रतिकृतीवर यावे. बाकी सारे खोटे. जर-तरच्या पंथाचे म्हणणे असे, की हा छंद आहे, त्यात कल्पनेला मोकळीक हवी. या धाग्याची भूमिका दोहोंपेक्षा वेगळी आहे. काल्पनिक छद्मरंग हे इतिहास समजून घेण्याचे उत्तम साधन होऊ शकते. मात्र कल्पना कुठे सुरू झाली हे सांगण्याचे बंधन त्या कलावंतावर आहे. ते बंधन पाळले नाही, तर २२ सेंटिमीटरचे प्लास्टिकही इतिहास बिघडवू शकते. याची उदाहरणे पुढे येतील.

४/
आधी छद्मरंगाविषयी, म्हणजेच कॅमोफ्लाजविषयी. ही विद्या जन्मापासूनच कल्पनेच्या आधाराने वाढली आहे. १८९६ साली ॲबट थेअर या अमेरिकी चित्रकाराने प्राण्यांच्या रंगांविषयी एक तत्त्व मांडले. अनेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असते. सूर्यप्रकाश वरून पडतो, त्यामुळे पाठ उजळते आणि पोट सावलीत जाते. रंगांची ही उलटी मांडणी तो फरक पुसून टाकते आणि प्राणी सपाट, अस्पष्ट दिसतो. पुढे असंख्य लढाऊ विमानांचा वरचा भाग गडद आणि खालचा भाग फिकट ठेवला गेला, त्यामागे याच प्रकारचा विचार होता. अर्थात, विमानाच्या रंगाची चर्चा एका चित्रकाराच्या निरीक्षणापर्यंत मागे जाते.

५/
पहिल्या महायुद्धात नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने एक धाडसी कल्पना पुढे आणली. समुद्रात जहाज लपवता येत नाही, तेव्हा लपवण्याचा नाद सोडावा आणि पाहणाऱ्याला फसवावे. जहाजावर उभे-आडवे, तिरपे, परस्परांना छेदणारे पट्टे रंगवले, तर जर्मन पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून पाहणाऱ्याला जहाजाची दिशा नेमकी कळणार नाही आणि टॉर्पिडोचा नेम चुकेल, असा त्याचा तर्क होता. १९१७ साली ब्रिटिश नौदलाने तो स्वीकारला. या पद्धतीला ‘डॅझल’ म्हणतात.

६/
येथे प्रतिकृतीचा प्रवेश होतो. विल्किन्सनची शाखा लंडनच्या रॉयल अकादमीत बसत असे. तेथे जहाजांच्या लहान लाकडी प्रतिकृती तयार होत. कलाशिक्षण घेतलेल्या तरुण स्त्रिया त्यांवर निरनिराळे नमुने रंगवत. मग ती प्रतिकृती फिरत्या टेबलावर ठेवून पेरिस्कोपमधून न्याहाळली जाई. जो नमुना नजरेला अधिक चकवी, त्याचा आराखडा बंदराकडे रवाना होई आणि खरे जहाज त्याप्रमाणे रंगे. म्हणजे जे आज छंद म्हणून चालते, ते १९१७ साली युद्धकार्य होते. खऱ्या जहाजाचा रंग हा आधी प्रतिकृतीवरचा काल्पनिक रंग होता. त्यांतील काही प्रतिकृती लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आजही जपलेल्या आहेत.

७/
युद्धानंतर या पद्धतीचा हिशेब मांडला गेला, तेव्हा डॅझलमुळे नेमकी किती जहाजे वाचली हे निर्विवादपणे सिद्ध करता आले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. छद्मरंग हा बहुतेक वेळा एक अंदाज असतो. शत्रू कुठून पाहील, कोणत्या प्रकाशात पाहील, मागे कोणती भूमी असेल, याविषयीचा अंदाज. तो चुकूही शकतो. जो प्रतिकृतीकार छायाचित्रावरून केवळ नक्कल करतो, त्याच्या हाती त्या अंदाजाचे उत्तर येते. प्रश्न त्याच्या नजरेतून सुटण्याचा संभव असतो.

८/
आता जेट विमानांकडे. कर्मठ पंथाचा लाडका आक्षेप असा, की काल्पनिक रंग ‘विचित्र’ दिसतात. या आक्षेपाला उत्तर इतिहासानेच दिले आहे. समजा, १९८९ साली एखाद्याने ब्रिटिश हवाई दलाच्या टोर्नाडो विमानाची प्रतिकृती गुलाबी रंगात रंगवून प्रदर्शनात ठेवली असती. त्या काळी टोर्नाडो हिरव्या-करड्या रंगात युरोपच्या आकाशात उडत होती. प्रेक्षक हसले असते. १९९० साली इराकने कुवेत व्यापले आणि ब्रिटिश टोर्नाडो, जॅग्वार व पुढे बकनीअर विमाने वाळवंटी गुलाबी रंगात आखातात पोहोचली. तो रंग तात्पुरता, धुऊन काढता येण्याजोगा होता. म्हणजे काल्पनिक वाटणारी प्रतिकृती वर्षभरात वास्तववादी ठरली असती.

९/
दुसरे उदाहरण स्वीडनचे. १९७१ साली सेवेत आलेले साब कंपनीचे विगेन हे विमान पुढे चार रंगांच्या धारदार, कोनीय तुकड्यांनी सजले. फिकट हिरवा, गडद हिरवा, मातकट आणि जवळजवळ काळा. काचेचे तावदान फुटून तुकडे विखुरावेत तशी ती रचना दिसते. प्रथम पाहणाऱ्याला ती एखाद्या विज्ञानकथेच्या चित्रकाराची करामत वाटते. प्रत्यक्षात ती एका तटस्थ देशाच्या युद्धनीतीचे रंगरूप होती.

१०/
स्वीडनचा हिशेब असा होता : युद्ध पेटले, तर मोठ्या विमानतळांवर पहिल्याच दिवशी बाँब पडतील. म्हणून विमाने देशभर विखरून ठेवावीत, जंगलांच्या कडेला दडवावीत आणि महामार्गांच्या सरळ पट्ट्यांवरून उडवावीत. विगेन सुमारे ५०० मीटरमध्ये उतरू शके. त्यासाठी इंजिनाचा झोत उलट्या दिशेने फिरवण्याची सोय त्यात होती. अशा विमानाला जमिनीवर असतानाच लपण्याची गरज अधिक. पाइन वृक्षांची सावली, खडक आणि गवत यांत मिसळणारे ते तुकडे त्या गरजेतून आले. पुढे हवाई लढाईसाठीच्या विगेनांपैकी अनेक विमाने करड्या रंगात गेली, कारण त्यांचा प्रश्न वेगळा होता.

११/
विगेनचे ते रंग प्रतिकृतीवर उतरवणे ही या छंदातील मोठी परीक्षा मानली जाते. एकेका तुकड्याची कड टेपने आखायची, एक रंग मारायचा, वाळू द्यायचा, मग पुढच्या रंगासाठी पुन्हा टेप. चार रंगांसाठी हे चक्र चार वेळा. एखाद्या ठिकाणी टेप उचलताना खालचा रंग निघाला, की आठवड्याचे श्रम वाया. या कंटाळवाण्या कामातून एक जाणीव मात्र होते. हवाई दलाच्या तंत्रज्ञांनाही हीच किचकट रचना १६ मीटरच्या विमानावर, दर रंगकामाच्या वेळी, पुन्हा आखावी लागत असणार. छद्मरंगाला मनुष्यबळ आणि वेळ लागतो. पुस्तकातील रंगीत चित्र ही गोष्ट सांगत नाही.

१२/
तिसरे उदाहरण कीथ फेरिस या अमेरिकी विमानचित्रकाराचे. जवळच्या हवाई लढतीत वैमानिक समोरच्या विमानाकडे क्षणभर पाहतो आणि ते कोणत्या बाजूला वळते आहे याचा अंदाज बांधतो. फेरिसने सुचवले, की विमानाच्या पोटावर कॉकपिटच्या आकाराचा गडद डाग रंगवावा. मग पाठ कोणती आणि पोट कोणते हे पटकन कळणार नाही. कॅनडाने १९८२ पासून घेतलेल्या सीएफ-१८ विमानांच्या पोटावर असे खोटे कॉकपिट रंगवलेले आहे. लढाऊ विमानाच्या पोटावर चित्र काढून शत्रूला क्षणभर गोंधळवणे ही कल्पना एखाद्या प्रतिकृतीकाराने मांडली असती, तर तिला पोरखेळ म्हटले गेले असते.

१३/
या तिन्ही उदाहरणांवरून एक निष्कर्ष निघतो. रंग विचित्र आहे, एवढ्यावरून तो अनैतिहासिक ठरत नाही. प्रत्येक छद्मरंग हा भूमी, उंची, प्रकाश, शत्रूचे शस्त्र आणि हाताशी असलेला रंगसाठा यांविषयीच्या प्रश्नांचे उत्तर असतो. काल्पनिक रंग जेव्हा अशा प्रश्नांतून निघतो, तेव्हा तो इतिहासाच्या पद्धतीनेच विचार करत असतो. जेव्हा तो केवळ आकर्षक दिसावा म्हणून निघतो, तेव्हा ती सजावट असते. सजावटीत वाईट काही नाही. मात्र दोहोंना एकच नाव देणे योग्य नव्हे.

१४/
आता नाण्याची दुसरी बाजू. १९८६ साली अमेरिकेत टेस्टर कंपनीने १:४८ प्रमाणातील एक किट बाजारात आणले. नाव होते एफ-१९ स्टेल्थ फायटर. रडारला न दिसणारे एक गुप्त विमान अमेरिकेकडे आहे, अशी कुजबुज तेव्हा जोरात होती. अधिकृत क्रमांकांत एफ-१८ नंतर थेट एफ-२० आले होते. मधला १९ कुठे गेला, हा प्रश्न अनेकांना पडला होता. कंपनीच्या रचनाकाराने उपलब्ध माहितीवरून तर्क केला : रडारचा परतावा कमी करायचा, तर विमान गुळगुळीत, गोलाकार असावे आणि शेपटीचे पंख आत झुकलेले असावेत. किट अमाप खपले. गुप्त विमानाचा आकार खेळण्यांच्या दुकानात कसा पोहोचला, असा सवाल अमेरिकी काँग्रेसमध्येही उपस्थित झाला.

१५/
नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकी हवाई दलाने एक अंधूक छायाचित्र प्रसिद्ध करून खरे विमान जाहीर केले. ते होते एफ-११७. त्याने पहिले उड्डाण १९८१ सालीच केले होते. त्याचा आकार किटच्या अगदी उलट निघाला : सपाट पृष्ठभाग आणि धारदार कडा, जणू पैलू पाडलेला काळा दगड. कारण असे, की त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागावरून परतणाऱ्या रडारलहरींचे गणित पेलत नव्हते. सपाट पैलूंचे पेलत होते. किटच्या रचनाकाराचा तर्क अडाणी नव्हता. त्याला ही एक मर्यादा ठाऊक नव्हती, इतकेच.

१६/
हे किट आज निरुपयोगी ठरले काय? मुळीच नाही. एफ-११७ विषयी ते काही सांगत नाही. परंतु १९८६ सालच्या सामान्य नागरिकाला गुप्त विमान कसे दिसत असेल असे वाटत होते, याचे ते अस्सल साधन आहे. शीतयुद्धाच्या अखेरच्या पर्वातील कुतूहल, भीती आणि अभिमान त्या काळ्या प्लास्टिकमध्ये साठलेला आहे. काल्पनिक प्रतिकृती ही ज्या काळाविषयी बोलते त्यापेक्षा ज्या काळात घडते त्याविषयी अधिक सांगते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला बखर वाचतानाही हेच शिकावे लागते.

१७/
यापेक्षा गंभीर प्रकरण जर्मनीचे. जर-तरच्या पंथात ‘लुफ्टवाफे ४६’ नावाची एक मोठी उपशाखा आहे. युद्ध १९४६ पर्यंत लांबले असते, तर जर्मनीची कागदावरची जेट विमाने कशी दिसली असती, हा तिचा विषय. हॉर्टन बंधूंचे शेपटीविरहित एचओ-२२९ हे तिचे लाडके विमान. त्याच्या जेट इंजिनांच्या नमुन्याने १९४५ च्या आरंभी मोजकी उड्डाणे केली आणि १८ फेब्रुवारी १९४५ रोजी तो कोसळून चाचणी वैमानिक मरण पावला. पुढचा अपुरा नमुना अमेरिकी सैन्याच्या हाती लागला. तो आता स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. हे विमान कोणत्याही लढाऊ पथकात कधीच दाखल झाले नाही. म्हणून पथकाच्या चिन्हांसह रंगवलेली त्याची प्रत्येक प्रतिकृती, अपवादाविना, काल्पनिक आहे.

१८/
तरीही समाजमाध्यमांवर हे विमान ‘जगातील पहिले स्टेल्थ विमान’ म्हणून मिरवते. या दाव्याचा मुख्य आधार म्हणजे लाकडी आवरणाच्या सरसात रडारलहरी शोषण्यासाठी कोळशाची पूड मिसळायची होती, हे रायमार हॉर्टनने युद्धानंतर कित्येक वर्षांनी केलेले विधान. नॉर्थ्रॉप ग्रुमन कंपनीने एका माहितीपटासाठी या विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती उभारली आणि रडारसमोर तिची चाचणीही घेतली. अशी चाचणी, ते विमान रडारवर कसे दिसले असते, एवढेच सांगू शकते. रचनाकाराच्या मनात १९४४ साली काय होते, हे ती सांगू शकत नाही. हेतू सिद्ध करण्यासाठी त्या काळचे कागद लागतात.

१९/
लुफ्टवाफे ४६ मध्ये आणखी एक गोष्ट दिसेनाशी होते आणि ती अधिक महत्त्वाची आहे. जर्मनीची जेट विमाने कोणी बांधली? ऑस्ट्रियातील सांक्ट गेओर्गेन येथील भुयारांत मेसरश्मिट एमई-२६२ विमानांचे सांगाडे गुझेन छळछावणीतील कैद्यांकडून बनवून घेतले जात. ती भुयारेही कैद्यांनीच खोदली होती. उपासमार, मारहाण आणि थकवा यांनी हजारो माणसे तेथे संपली. हाइंकेल एचई-१६२ या जेट विमानाचे कामही हिंटरब्रूलच्या भूमिगत कारखान्यात छावणीतील कैद्यांवर लादले गेले होते.

२०/
तेव्हा ‘युद्ध १९४६ पर्यंत चालले असते तर’ या वाक्याचा पूर्ण अर्थ असा : ती भुयारे आणखी एक वर्ष चालली असती. त्या कल्पनेतील प्रत्येक चकचकीत विमानामागे आणखी प्रेते असती. जर-तरचा खेळ खेळताना एकच धागा ओढता येत नाही. त्याबरोबर सारे वस्त्र ओढले जाते. अशी प्रतिकृती करूच नये, असा हट्ट येथे नाही. मात्र जो प्रतिकृतीकार शेवटच्या काळातील हिरव्या रंगांच्या छटांवर महिनोन्‌महिने वाद घालतो आणि भुयारांचा उल्लेखही करत नाही, त्याचा छद्मरंग विमानाबरोबर इतिहासालाही लपवतो.

२१/
आता भारताकडे येणारी वाट. ती याच कागदी विमानांतून निघते. फॉके-वुल्फ कंपनीचे टीए-१८३ हे लुफ्टवाफे ४६ मधील आणखी एक गाजलेले नाव. ते कधीच उडाले नाही. कंपनीचा प्रमुख रचनाकार कुर्ट टांक युद्धानंतर अर्जेंटिनाला गेला. तेथे १९५० साली उडालेल्या पुल्की-२ या जेटमध्ये टीए-१८३ च्या रचनेची छाया स्पष्ट दिसते. १९५६ साली टांक भारतात आला. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली एचएफ-२४ मरुत आकाराला आले आणि १७ जून १९६१ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. भारतात विकसित झालेले हे पहिले लढाऊ जेट.

२२/
मरुतचे आयुष्यच एक जर-तर आहे. आवाजाच्या दुप्पट वेगाची अपेक्षा ठेवून त्याची आखणी झाली. पण त्यासाठी गृहीत धरलेले अधिक शक्तीचे ऑर्फियस इंजिन मिळालेच नाही. इजिप्तमध्ये विकसित होत असलेले ई-३०० इंजिन एका मरुतमध्ये बसवून चाचण्या झाल्या. तो मार्गही बंद पडला. शेवटी ऑर्फियस ७०३ ही कमी शक्तीची दोन इंजिने घेऊनच मरुत सेवेत राहिले. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्याने भूलक्ष्यांवर हल्ले केले. एकूण १४७ विमाने बांधली गेली. १९९० पर्यंत त्यांची सेवा संपली. योग्य इंजिन मिळाले असते तर? भारतीय प्रतिकृतीकाराला याहून समर्पक प्रश्न मिळणार नाही.

२३/
हा प्रश्न शिस्तीने कसा सोडवावा? समजा, १९९५ सालचे, नव्या इंजिनाचे मरुत करायचे आहे. नवे इंजिन म्हणजे शेपटीकडचा भाग रुंद होणार. तेथे पुटी आणि कानस आली. काम कोणते? जमिनीलगत उडून हल्ला, की उंचावरील हवाई लढाई? पहिले असेल तर वरून भूमीत मिसळणारे ठिगळी रंग. दुसरे असेल तर करडा. तळ राजस्थानात, की पूर्वेकडे? वाळूच्या भूमीचा रंग आसामच्या हिरवाईत उघडा पडेल. आणि सर्वांत अवघड प्रश्न : मरुत यशस्वी झाले असते, तर १९७९ साली आलेली जॅग्वार विमाने घेतली गेली असती काय? एका रंगाच्या निवडीपाशी देशाची संरक्षणनीती येऊन उभी राहते.

२४/
प्रत्यक्ष पुरावाही येथे मदतीला येतो. १९७१ च्या युद्धकाळात भारतीय हवाई दलाच्या चकचकीत धातूच्या मिग-२१ विमानांवर घाईने छद्मरंग चढवले गेले. हे काम तळांवरच झाल्याने पथकापथकांत, कधी विमानाविमानांत फरक पडला. म्हणजे ‘अधिकृत नमुना’ नावाची गोष्ट युद्धाच्या धामधुमीत सैल होते. काल्पनिक मरुतवर सुबक, कारखानी कडा आखणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. घाईत फवारलेल्या रंगाची कड धूसर असते, थर असमान असतो. कल्पना जितकी वास्तवाच्या सवयी पाळते तितकी ती विश्वसनीय होते, आणि नेमकी म्हणूनच धोकादायकही.

२५/
धोका असा. प्रतिकृतीचे उत्तम छायाचित्र घ्यावे, पार्श्वभूमीला धावपट्टी जोडावी, रंग काढून ते कृष्णधवल करावे. दोन-तीन वेळा पुढे पाठवले गेले, की मूळ मजकूर गळून पडतो आणि उरते ते ‘दुर्मीळ छायाचित्र’. संगणकाने घडवलेल्या चित्रांच्या काळात ही घसरण आणखी सोपी झाली आहे. ‘हा तर छंद, एवढे मनावर काय घ्यायचे?’ हे उत्तर पुरत नाही. इतिहासाची आवड असलेल्या अनेक तरुणांची विमानाशी पहिली ओळख अशाच एखाद्या चित्रातून होते. पहिली ओळख चुकीची झाली, की पुढची दहा पुस्तकेही ती पुसू शकत नाहीत.

२६/
यावर उपाय स्वस्त आहे. अनेक स्पर्धांत काल्पनिक प्रतिकृतींसाठी वेगळा विभाग असतो. तेवढ्यावर न थांबता प्रतिकृतीच्या पायथ्याशी तीन ओळींची पाटी असावी. पहिली ओळ : यात खरे काय आहे. दुसरी : कल्पित काय आहे. तिसरी : खऱ्या इतिहासाला फाटा कोणत्या वर्षी, कोणत्या घटनेपाशी फुटला असे मानले आहे. मरुतसाठी ती अशी होईल : ‘विमान खरे. इंजिन, रंग व वर्ष काल्पनिक. गृहीतक : साठच्या दशकात अधिक शक्तीचे ऑर्फियस मिळाले.’ ही पाटी छायाचित्राच्या चौकटीतच यावी, म्हणजे ती चित्राबरोबर प्रवास करील.

२७/
ही तिसरी ओळ लिहिणे सर्वांत कठीण असते आणि तिच्यातच या छंदाचे मोल आहे. ती लिहिण्यासाठी प्रत्यक्षात काय घडले हे आधी नेमके माहीत असावे लागते. फाटा कुठे फुटला हे सांगण्यासाठी मुख्य रस्ता ठाऊक हवा. ज्याला ती ओळ लिहिता येते, त्याने केलेले जांभळे विमानही इतिहासाच्या वर्गात चालेल. ज्याला ती लिहिता येत नाही, त्याने नट-बोल्टापर्यंत हुबेहूब केलेले विमानही नुसती नक्कल राहील.

२८/
मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खरे मरुत उभे आहे. त्याचे पल्लेदार, मागे झुकलेले पंख पाहिले, की एक गोष्ट प्रथम जाणवते : हे विमान वेगासाठी जन्मले होते. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती वाचावी लागते : तो वेग त्याला कधी मिळाला नाही. या दोन गोष्टींमधील अंतरातच सगळे जर-तर राहतात. तेथे कल्पनेने जरूर जावे, रंगाची बाटली आणि एअरब्रश घेऊन जावे. परतताना फाटा कुठे फुटला, तेवढे मात्र पाटीवर लिहून ठेवावे.

(धागा समाप्त. कोणत्या विमानाला कोणता काल्पनिक रंग द्यावा, हे वाचकांनी खाली अवश्य सांगावे, तिसऱ्या ओळीसह.)